गट ग्रामपंचायत

गट ग्रामपंचायत : दोन किंवा अधिक महसुली गावे, वाड्या, तांडे अथवा पाडे यांच्यासाठी मिळून स्थापन झालेली एकच ग्रामपंचायत. एकाच महसुली गावापुरती जी पंचायत असते, तीस व्यवहारात स्वतंत्र ग्रामपंचायत म्हणतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ओसाड गावे धरून सुमारे ४४,००० गावे होती; ग्रामपंचायतींची संख्या मात्र २८,००० च्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधील तफावत मुख्यत्वे गट ग्रामपंचायतींमुळे पडली आहे. लहान गावास एकट्याने पंचायतीचा खर्च झेपत नाही, म्हणून ते शेजारच्या गावाशी जोडले जाते. परंतु जोडले गेल्यावर त्या गावाचे म्हणणे संयुक्त पंचायतीत कितपत ऐकले जाते, हा प्रश्न निर्माण होतो. साधनांची पुरेशी उपलब्धता आणि लहान वस्तीचा आवाज या दोन गरजांचा मेळ घालणे, हा या संस्थेपुढील मुख्य प्रश्न होय.

‘गाव’ या शब्दाचे अर्थ : महसुली व्यवहारात गाव म्हणजे स्वतंत्र सीमा व स्वतंत्र भूमिअभिलेख असलेले क्षेत्र. त्यात वस्ती असतेच असे नाही; वस्ती उठून गेलेल्या गावास बेचिराख गाव म्हणतात, परंतु त्याची नोंद कायम राहते. उलटपक्षी, शेकडो लोकांची वाडी किंवा तांडा महसुली दप्तरात स्वतंत्र गाव नसून दुसऱ्या गावाचा भाग असू शकतो. मोगल महसुली परिभाषेत मूळ गावास ‘असली’ व त्यास जोडलेल्या गावास ‘दाखली’ म्हणत; मजरे हा शब्दही मूळ गावावर अवलंबून असलेल्या वस्तीसाठी रूढ होता. सामाजिक दृष्ट्या गाव म्हणजे एक पांढरी, एक गावदेव, एक जत्रा व परस्परांस ओळखणारी माणसे.

पंचायतीच्या कायद्यातील गाव या दोहोंहून वेगळे आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४३ (छ) मध्ये राज्यपालाने अधिसूचनेद्वारे विनिर्दिष्ट केलेले गाव अशी गावाची व्याख्या असून तीत गावांच्या गटाचाही समावेश होतो. म्हणजे चार गावांचा गट अधिसूचित झाला, की कायद्याच्या दृष्टीने ते चार गावे न राहता एक गाव होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ अन्वये अशा गटास त्यातील सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचे किंवा वाडीचे नाव दिले जाते. व्यवहारात दोन गावांची नावे जोडून लिहिण्याचीही पद्धत अनेक ठिकाणी आढळते.

इतिहास : मुंबई इलाख्यात १९२० व १९३३ च्या अधिनियमांन्वये ग्रामपंचायती स्थापन झाल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४६ चा, तर हैदराबाद राज्यात १९५६ चा अधिनियम होता. मराठवाड्यातील गावे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होती आणि गावकारभार वतनदार पाटील व पटवारी यांच्या हाती असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. त्यानंतर राज्याच्या निरनिराळ्या भागांतील कायदे रद्द करून मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा एकच कायदा करण्यात आला व तो १ जून १९५९ पासून अंमलात आला. २०१२ पासून तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती नेमण्यात आली आणि १९६२ साली जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय व्यवस्था अस्तित्वात आली.

पंचायती राज्यभर स्थापन करावयाच्या तर प्रत्येक लहान वस्तीस स्वतंत्र पंचायत देणे आर्थिक दृष्ट्या शक्य नव्हते. घरपट्टी, पाणीपट्टी व दिवाबत्ती कर यांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या उत्पन्नात कार्यालय, शिपाई, पाणीपुरवठा व दप्तर यांचा खर्च भागणे कठीण होते. म्हणून शेजारच्या लहान गावांचे गट करण्यात आले. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने (२४ एप्रिल १९९३ पासून लागू) पंचायतींना संविधानिक स्थान दिले आणि गटाची कल्पनाही गावाच्या व्याख्येतच अंतर्भूत केली.

रचना : गट ग्रामपंचायतीची रचना इतर ग्रामपंचायतींप्रमाणेच असते. लोकसंख्येनुसार सदस्यांची संख्या ७ ते १७ असते. १,५०० पर्यंत लोकसंख्या असल्यास ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११ आणि ७,५०० हून अधिक असल्यास १७ सदस्य निवडले जातात. निवडणुकीसाठी पंचायत क्षेत्राचे प्रभाग पाडतात. प्रत्येक प्रभागातून कमीत कमी दोन व जास्तीत जास्त तीन सदस्य निवडले जातात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागासवर्ग यांच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असून २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचाची निवड पूर्वी सदस्य करीत असत. २०१७ साली ती थेट मतदारांकडे देण्यात आली, २०२० साली ही पद्धत रद्द झाली व २०२२ साली पुन्हा सुरू झाली. पंचायतीचे दप्तर ग्रामसेवक सांभाळतो. २०२४ साली ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांस ग्रामपंचायत अधिकारी हे नाव देण्याचा निर्णय झाला.

पंचायत क्षेत्रातील सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा होते. गट ग्रामपंचायतीत ती सर्व गावांची एकच असते. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविणे आवश्यक असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती लागते. तेवढे लोक न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट राहत नाही. गट ग्रामपंचायतीत ग्रामसभा निरनिराळ्या गावांत आळीपाळीने भरविण्याची पद्धत आहे.

लहान गावाचे प्रतिनिधित्व : प्रभागपद्धतीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गटात तीन गावे असून त्यांची लोकसंख्या अनुक्रमे १,६००, ५५० व २५० आहे. एकूण २,४०० लोकसंख्येस नऊ सदस्य मिळतात, म्हणजे सरासरीने २६७ लोकांमागे एक सदस्य. या हिशेबाने तिसऱ्या गावास जवळजवळ एका सदस्याचा वाटा पोहोचतो. परंतु एका सदस्याचा प्रभाग कायद्याने करता येत नाही. त्यामुळे पहिल्या गावाचे तीन-तीन सदस्यांचे दोन प्रभाग होतात आणि दुसरे व तिसरे गाव मिळून ८०० लोकसंख्येचा तीन सदस्यांचा तिसरा प्रभाग होतो. या प्रभागात प्रत्येक मतदार तिन्ही जागांसाठी मत देतो. परिणामी ५५० लोकसंख्येच्या गावाने एकजुटीने मतदान केल्यास तिन्ही सदस्य त्याच गावाचे निवडून येऊ शकतात व २५० लोकांच्या गावाचा एकही सदस्य पंचायतीत नसतो. सरपंचाच्या थेट निवडणुकीत तर १,६०० लोकसंख्येच्या गावाचा कौल निर्णायक ठरतो.

ग्रामसभेच्या बाबतीतही असेच घडते. वरील उदाहरणातील मोठ्या गावाचे मतदार स्वबळावर गणपूर्ती करू शकतात. सभा मोठ्या गावात असल्यास दोन-तीन किलोमीटरांवरून येणाऱ्या लहान गावातील लोकांची, विशेषतः स्त्रियांची व मजुरांची, उपस्थिती कमी राहते. रस्त्याचा अग्रक्रम, विंधनविहिरीची जागा, अंगणवाडीची खोली, स्मशानभूमीची शेड, दिव्यांचे खांब यांविषयीचे निर्णय अशा सभेत होतात. घरकुलांच्या लाभार्थींच्या याद्याही ग्रामसभेपुढे ठेवल्या जातात. त्यामुळे सभेस कोण हजर होते, यावर लहान गावाच्या दैनंदिन जीवनातील अनेक गोष्टी अवलंबून असतात.

सर्वच गटांत मोठे गाव लहान गावावर अन्याय करते, असे मात्र नाही. अनेक ठिकाणी उपसरपंचपद लहान गावाकडे द्यावे, सदस्यांची नावे गावनिहाय आधी ठरवून निवडणूक बिनविरोध करावी, असे संकेत गावकऱ्यांनी पाळले आहेत. अशा संकेतांस कायद्याचे बळ नसते. गावांतील सलोखा टिकला तर ते टिकतात.

उत्पन्न व नियोजन : ग्रामपंचायतीस स्वतःच्या करांखेरीज वित्त आयोगाचे अनुदान मिळते. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१५–२०) ते थेट ग्रामपंचायतींनाच देण्यात आले; पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्यातील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींस व उरलेला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांस देण्यात आला. अनुदानाचे वाटप मुख्यतः लोकसंख्येवर अवलंबून असल्याने लहान गावांच्या लोकसंख्येमुळे गटाचे अनुदान वाढते. ते गटातील कोणत्या गावी खर्च व्हावे, हे मात्र ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ठरते. म्हणून आराखड्याच्या सभेत वाडीनिहाय मागण्यांची नोंद होणे महत्त्वाचे ठरते.

एकत्र आल्याचे फायदेही उघड आहेत. गटास एका नळपाणी योजनेचा, एका संगणकाचा, एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याचा खर्च परवडतो. करवसुली चांगली असल्यास सेवांचा दर्जाही वाढविता येतो. वाळूज औद्योगिक परिसराजवळील पाटोदा हे याचे ठळक उदाहरण होय. पाटोदा–गंगापूर नेहरी या ग्रामपंचायतीने कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबांना धान्य मोफत दळून देण्यासारख्या सोयी दिल्या आणि स्वच्छता व पाणीपुरवठा यांबाबतच्या कामामुळे ती राज्यभर आदर्श म्हणून ओळखली गेली.

छत्रपती संभाजीनगर जिल्हा : पूर्वीचा औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात नऊ तालुके, सुमारे तेराशे गावे व साडेआठशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. जिल्ह्याच्या भूरचनेचा गावांच्या आकारमानावर परिणाम झाला आहे. दक्षिणेकडे पैठण, गंगापूर व वैजापूर तालुक्यांत गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर जुनी, दाट वस्तीची गावे आहेत. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नड व सोयगाव तालुक्यांत, वस्ती विखुरलेली असून बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. तांड्याचा स्वतंत्र नाईक व स्वतंत्र रीतिरिवाज असतात. तरीही महसुली दप्तरात तांडा बहुधा शेजारच्या गावात मोडतो. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयामुळे अनेक गावे १९७० च्या दशकात उठली. अशा पुनर्वसित गावांना नव्या जागी नव्या शेजाऱ्यांशी पंचायतीचे संबंध जुळवावे लागले.

शहराच्या वाढीमुळे या जिल्ह्यातील गावांच्या स्वायत्ततेपुढे आणखी एक प्रश्न आला. डिसेंबर १९८२ मध्ये औरंगाबाद महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा भोवतालची अठरा गावे तिच्या हद्दीत घेण्यात आली. शहराच्या मध्यवर्ती क्रांती चौकातून जालना मार्गाने पूर्वेस गेल्यास मुकुंदवाडी व चिकलठाणा हे भाग लागतात. ही दोन्ही पूर्वी स्वतंत्र गावे होती. हर्सूल व गारखेडा यांचीही हीच स्थिती आहे. दक्षिणेकडील सातारा व देवळाई या ग्रामपंचायतींची २०१४ साली मिळून नगरपरिषद करण्यात आली आणि २०१५ साली तीही महानगरपालिकेत विलीन झाली. गटात गेलेल्या गावास निदान ग्रामसभेत प्रत्यक्ष बोलता येते. महानगरपालिकेत गेलेल्या गावाची ग्रामसभा संपुष्टात येते व त्याचे स्थान प्रभागाच्या नगरसेवकापुरते उरते.

अनुसूचित क्षेत्रातील व्यवस्था : पंचायत क्षेत्र आणि वस्ती यांतील अंतर कमी करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९६ च्या पंचायत विस्तार (अनुसूचित क्षेत्रे) अधिनियमाने, म्हणजे पेसा कायद्याने, केला. त्यानुसार आपल्या परंपरेप्रमाणे कारभार पाहणारी वस्ती किंवा पाडा हेही गाव ठरू शकते व त्यास स्वतःची ग्रामसभा असते. महाराष्ट्राने याचे नियम २०१४ साली केले. वस्तीने ठराव करून मागणी केल्यास विहित चौकशीनंतर पाड्यास गाव म्हणून घोषित करता येते. मात्र त्यामुळे स्वतंत्र ग्रामपंचायत निर्माण होतेच असे नाही. एका पंचायतीत अनेक ग्रामसभा राहू शकतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंड वस्तीचे सुमारे साडेचारशे लोकांचे गाव लेखा गट ग्रामपंचायतीत होते. आपल्या गावाचे निर्णय आपल्याच गावसभेत, तेही सर्वसहमतीने घ्यावयाचे, ही प्रथा मेंढ्याने कायदे होण्यापूर्वीपासून सुरू केली. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्यास सामूहिक हक्क मिळाला. गटातील लहान गाव आपली सभा टिकवून मोठे काम करू शकते, हे मेंढ्याने दाखवून दिले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने तेथील वाड्या-तांड्यांना पेसा कायद्याचा आधार मिळत नाही.

इतर देशांतील व प्रदेशांतील पद्धती : गावांचे गट करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. रूमानियात ‘कोमुना’ हा ग्रामीण स्थानिक शासनाचा मूळ घटक असून तो अलेक्झांडर योन कूझा याच्या कारकीर्दीत १८६४ च्या कायद्याने स्थापन झाला. आज तेथे सुमारे २,८६० कोमुना असून त्यांत जवळजवळ १३,००० गावांपैकी बहुतेक गावे मोडतात. म्हणजे एका कोमुनात सरासरीने चार-पाच गावे येतात. एका गावी कोमुनाचे मुख्य ठाणे असते. महापौरासारखा ‘प्रिमार’ व स्थानिक परिषद यांची निवड मतदार करतात. ब्राशॉव्ह जिल्ह्यातील बुनेश्ती कोमुनात बुनेश्ती, क्रीत्स, मेशेंडॉर्फ, रोआदेश व व्हिस्क्री ही पाच गावे आहेत. यांपैकी व्हिस्क्री हे तटबंदीयुक्त चर्चमुळे जगप्रसिद्ध असून १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तथापि त्याचा कारभार बुनेश्तीहून चालतो.

ज्या गावाचा एकही प्रतिनिधी कोमुनाच्या परिषदेत निवडून आलेला नाही, त्या गावास स्वतःचा ग्रामप्रतिनिधी निवडण्याचा हक्क रूमानियाच्या कायद्याने दिला आहे. त्या गावाविषयीचा विषय परिषदेपुढे असताना त्यास बोलावणे बंधनकारक असते. त्याचे मत मात्र सल्ल्यापुरते मानले जाते. महाराष्ट्राच्या कायद्यात गटातील अशा गावासाठी समांतर तरतूद नाही.

रूमानियाच्या इतिहासात एकत्रीकरणाच्या अतिरेकाचेही उदाहरण सापडते. निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीत १९७४ च्या कायद्याने ग्रामरचनेच्या ‘पद्धतशीरीकरणा’स आरंभ झाला आणि १९८८ साली सुमारे १३,००० गावांची संख्या निम्म्याहून कमी करण्याचा बेत जाहीर झाला. लहान गावे पाडून लोकांस मोठ्या केंद्रांत नेण्याची ही योजना होती. तीस देशात व परदेशांत विरोध झाला. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर ती सोडून देण्यात आली.

भारतातही राज्याराज्यांत फरक आहे. केरळात पंचायती आकाराने मोठ्या असून राज्यात त्यांची संख्या हजारापेक्षा कमी आहे. तेथे प्रभागातील मतदारांची सभा हीच कायद्याने ग्रामसभा मानली जाते. त्यामुळे पंचायत मोठी असूनही चर्चेचे क्षेत्र लहान राहते.

विभाजन : गटातून बाहेर पडून स्वतंत्र ग्रामपंचायत मिळावी, अशी मागणी लहान गावांकडून वारंवार होते. राज्य शासनाने २००४ साली ठरविलेल्या निकषांप्रमाणे त्यासाठी सर्वसाधारण क्षेत्रात किमान २,००० व आदिवासी किंवा तांडा क्षेत्रात किमान १,००० लोकसंख्या अपेक्षित होती. २०२४ साली तांड्यांच्या बाबतीत ही मर्यादा ७०० पर्यंत शिथिल करण्याचा निर्णय झाला. गावाच्या हद्दीत बदल करताना जिल्हा परिषदेची स्थायी समिती व संबंधित पंचायत यांचा विचार घ्यावा लागतो आणि अधिसूचनेनंतरच बदल अंमलात येतो. विभाजनानंतर मालमत्ता, निधी व देणी यांची वाटणी करावी लागते.

विभाजनाने सर्व अडचणी सुटतात असे नाही. नव्या लहान पंचायतीचे करउत्पन्न अल्प असते. एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-दोन पंचायतींचा कार्यभार असल्यास तो आठवड्यातील ठराविक दिवशीच गावात येतो आणि दाखल्यासाठी लोकांस थांबावे लागते. सामाईक पाणीयोजना असल्यास तिच्या वीजबिलावरून दोन पंचायतींत वाद उद्‌भवतात. दुसरीकडे, स्वतंत्र पंचायत मिळाल्यावर गावाचे अनुदान, गावाचा सरपंच व गावाची ग्रामसभा ही गावातच राहतात.

म्हणून गट ग्रामपंचायतीचा विचार करताना कार्यालय व सेवा यांचे क्षेत्र मोठे असणे आणि चर्चेचे क्षेत्र लहान असणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. मेंढ्याची गावसभा, केरळातील प्रभागाची सभा व रूमानियातील ग्रामप्रतिनिधी यांत हे तत्त्व निरनिराळ्या रूपांत दिसते. महाराष्ट्राच्या बिगर-अनुसूचित क्षेत्रात ते अद्याप बव्हंशी ग्रामसभेची आळीपाळीची पद्धत, वाडीनिहाय आराखडा आणि गावकऱ्यांचे आपसांतील संकेत यांवर अवलंबून आहे.